पोलिसांवरचा सरकारी खर्च कसा वाचावा आणि कपातीच्या मागणीची पारख कशी करावी

संसदीय पद्धतीत सरकारी खर्चाला हरकत घेण्याचे एक जुने साधन आहे. त्याला कपात सूचना म्हणतात. एखाद्या खात्याच्या खर्चासाठी सरकार सभागृहाकडे जो पैसा मागते त्याला मागणी म्हणतात. धोरणच मान्य नसेल तर मागणीची रक्कम घटवून १ रुपया करावी असे सुचवले जाते. उधळपट्टी दिसत असेल तर ठरावीक रक्कम कमी करण्याची सूचना दिली जाते. एखादे गाऱ्हाणेच सभागृहापुढे मांडायचे असेल तर हजारो कोटींच्या मागणीतून फक्त १०० रुपये कमी करावेत असे म्हटले जाते. पोलिसांवरचा खर्च कमी करावा की वाढवावा, या वादात हे तीनही सूर मिसळलेले असतात. कुणाला पोलीस व्यवस्थेचा पायाच बदलायचा असतो, कुणाला महागड्या खरेदीला आळा घालायचा असतो, तर कुणाला आपल्या ठाण्यात तक्रार नोंदवून घेत नाहीत एवढेच सांगायचे असते. सगळेजण शब्द मात्र ‘कपात’ हाच वापरतात. म्हणून आपले म्हणणे नेमके कोणते आहे हे आधी ठरवावे लागते, आणि ते ठरवण्यासाठी आकडे स्वतः वाचता यावे लागतात.

पुढील मार्गदर्शन महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पाला धरून केले आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘पोलीस’ हा विषय दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्यामुळे या खर्चाचा मुख्य निर्णय दिल्लीत न होता मुंबईत विधानभवनात होतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. आपल्या राज्यात पोलीस खर्चातली सर्वांत मोठी कपात कोणत्याही ठरावाने झालेली नाही. ती रिक्त पदांमधून आणि शिपायाच्या मोबदल्याविना घेतलेल्या तासांमधून वर्षानुवर्षे होत आली आहे. हे मत वाचकाने तसेच्या तसे स्वीकारू नये, पुढील पायऱ्यांनी तपासून पाहावे.

पहिली पायरी: योग्य कागद हातात घ्या

अर्थमंत्र्यांचे भाषण आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला रंगीत तक्ता यांवर पोलीस खर्चाचा अभ्यास होत नाही. भाषणात नव्या घोषणा असतात, तर पोलिसांवरचा बहुतेक खर्च हा जुन्या, चालू आणि टाळता न येणाऱ्या बाबींचा असतो. म्हणून वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून गृह विभागाचे अर्थसंकल्पीय अंदाजांचे पुस्तक उतरवून घ्यावे. ते मराठीत मिळते. त्यात मागणी क्रमांक बी-१ म्हणजे पोलीस प्रशासन. तिच्याखाली २०५५ हे प्रधान शीर्ष, म्हणजे खर्चाचे मुख्य खाते, शोधावे; पोलिसांचा महसुली खर्च, म्हणजे पगारापासून इंधनापर्यंतचा रोजचा खर्च, तेथे मांडलेला असतो. ठाण्यांच्या इमारती, वसाहती आणि मोठी साधने यांचा भांडवली खर्च ४०५५ या शीर्षाखाली असतो.

२०५५ च्या पोटात गौण शीर्षे, म्हणजे उपखाती, आहेत आणि त्यांचे क्रमांक देशभर सारखेच आहेत: ००३ शिक्षण व प्रशिक्षण, १०१ गुन्हे अन्वेषण व दक्षता, १०४ विशेष पोलीस, १०८ राज्य मुख्यालय पोलीस, १०९ जिल्हा पोलीस, ११० ग्राम पोलीस, १११ रेल्वे पोलीस, ११३ पोलिसांचे कल्याण, ११४ बिनतारी व संगणक, ११५ आधुनिकीकरण, ११६ न्यायसहायक विज्ञान (फॉरेन्सिक). हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत, कारण एकदा ते ओळखीचे झाले की पुस्तक उलगडू लागते. एकट्या ११० या शीर्षामागे गावोगावचे पोलीस पाटील उभे आहेत. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली काम करणाऱ्या या माणसांचे मानधन मार्च २०२४ मध्ये ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय झाला. अशा वर्षी ‘पोलीस खर्च वाढला’ असे म्हणताना त्यातली किती वाढ पाटलांच्या मानधनाची आहे, हे वेगळे काढून पाहिले पाहिजे.

एक सूचना नवख्या वाचकासाठी. पुस्तकातील रकमा हजार रुपयांत दिलेल्या असतात, म्हणजे १०,००० असे छापलेले असेल तर ते १ कोटी रुपये होतात. ही चूक मी स्वतः सुरुवातीला केली होती आणि तिच्यावर एक संपूर्ण टिपण उभे केले होते.

दुसरी पायरी: चार रकाने वेगळे ओळखा

प्रत्येक ओळीसमोर चार आकडे असतात. पहिला आकडा दोन वर्षांपूर्वीच्या प्रत्यक्ष रकमेचा, दुसरा चालू वर्षाच्या अर्थसंकल्पीय अंदाजाचा, तिसरा त्याच वर्षाच्या सुधारित अंदाजाचा आणि चौथा येणाऱ्या वर्षाच्या अंदाजाचा. सभेत आणि बातमीत बहुधा चौथा आकडा सांगितला जातो. खरे बोलतो तो पहिला, कारण तो झालेला खर्च असतो. मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष रक्कम यांत आधुनिकीकरण किंवा बांधकाम या ओळींवर मोठे अंतर दिसले, तर पैसा मंजूर झाला पण खर्चला गेला नाही असा त्याचा अर्थ होतो. असा न वापरलेला पैसा ३१ मार्चपूर्वी परत करावा लागतो, त्याला प्रत्यार्पण म्हणतात.

याच्या उलट प्रकार पुरवणी मागण्यांचा. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात आणि त्यांतून मूळ अंदाज वाढत जातो. त्यामुळे मार्चमधल्या आकड्यावर भिस्त ठेवून ‘कपात झाली’ असे जाहीर करू नये. डिसेंबरमध्ये नागपुरात ती भरून निघालेली असू शकते. वर्ष संपल्यावर महालेखापालांकडून येणारे विनियोजन लेखे हा हिशेब अखेरचा जुळवून देतात.

तिसरी पायरी: पैसा कशावर जातो ते बघा

गौण शीर्षाच्याही खाली उतरले की खर्चाच्या बाबी येतात. ०१ वेतन, १० कंत्राटी सेवा, ११ देशांतर्गत प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, २१ सामग्री व पुरवठा, २४ पेट्रोल, तेल व वंगण, ५१ मोटार वाहने, ५२ यंत्रसामग्री. माझ्या मते संपूर्ण अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची पाने हीच आहेत. जिल्हा पोलिसांचे पान उघडून वेतनाची रक्कम एकूण रकमेने भागावी. सिंहाचा वाटा पगाराचा निघतो, आणि मग सरसकट १० टक्के कपात म्हणजे काय हे आपोआप स्पष्ट होते. कायम नोकरीतल्या माणसाचा पगार सरकारला थांबवता येत नाही, त्यामुळे सरसकट कपातीची कुऱ्हाड पडते ती उरलेल्या लहानशा भागावर: गाडीच्या डिझेलवर, ठाण्यातल्या कागदावर, तपासासाठी परजिल्ह्यात जाणाऱ्या हवालदाराच्या प्रवास भत्त्यावर आणि प्रशिक्षणावर. देशभरात पोलीस खर्चापैकी प्रशिक्षणाच्या वाट्याला जेमतेम सव्वा टक्का येतो. ज्यांना पोलिसांनी माणसाशी नीट बोलावे, मारहाणीऐवजी पुराव्यावर तपास करावा असे वाटते, त्यांच्या हेतूला सरसकट कपातीने सर्वांत आधी धक्का बसतो.

वेतनाच्या शेजारी १० क्रमांकाची कंत्राटी सेवांची ओळ अवश्य पाहावी. २०२३ मध्ये मुंबई पोलीस दलातील मनुष्यबळ कमी पडते म्हणून राज्य सुरक्षा महामंडळाचे ३,००० कर्मचारी ठरावीक मुदतीसाठी घेण्याचा निर्णय झाला आणि त्यावर मोठा वाद झाला. अशा निर्णयात पगाराच्या ओळीतला खर्च दुसऱ्या ओळीत सरकतो. एकूण रक्कम फारशी हलत नाही, पण रस्त्यावर उभा असणारा माणूस कोणत्या कायद्याने बांधलेला आहे आणि त्याने चूक केली तर जबाबदार कोण, हे बदलते.

चौथी पायरी: पुस्तकाबाहेरचा पोलीस खर्च जोडा

२०५५ हा आकडा म्हणजे संपूर्ण पोलीस खर्च नव्हे. निवृत्त पोलिसांचे निवृत्तिवेतन २०७१ या शीर्षात इतर सर्व कर्मचाऱ्यांबरोबर मिसळलेले असते. गृहरक्षक दल, ज्याला आपण होमगार्ड म्हणतो, ते २०७० मध्ये असते. तुरुंग २०५६ मध्ये. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून पोलिसांना गाड्या आणि कॅमेरे दिले जातात, तो खर्च जिल्ह्याच्या योजनेत दिसतो. केंद्र सरकारची पोलीस आधुनिकीकरणाची योजना वेगळी, आणि गडचिरोलीसारख्या नक्षलग्रस्त जिल्ह्याला सुरक्षाविषयक खर्चाची केंद्राकडून होणारी भरपाई वेगळी.

जमेची बाजू बहुतेकजण विसरतात. ००५५ हे शीर्ष पोलिसांकडून जमा होणाऱ्या महसुलाचे आहे. खासगी कार्यक्रमांना पुरवलेल्या बंदोबस्ताचे शुल्क त्यात येते. २०२३ मध्ये शासनाने क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचे शुल्क मागील वर्षांच्या सामन्यांनाही लागू होईल अशा रीतीने कमी केले आणि त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. तिकिटे विकून भरवलेल्या सामन्याचा बंदोबस्त सवलतीत देणे आणि त्याच वेळी ठाण्यात कागद नाही म्हणून फिर्यादीलाच झेरॉक्स काढून आणायला सांगणे, हे दोन्ही एकाच खात्यात घडत असेल तर खर्चाच्या वादात जमेची वही उघडणे अपरिहार्य आहे.

पाचवी पायरी: वर्षांची तुलना जपून करा

दहा वर्षांत खर्च किती पटीने वाढला, हा आकडा ऐकायला जोरकस वाटतो, पण त्यात दोन खड्डे आहेत. सातवा वेतन आयोग महाराष्ट्रात १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला, मात्र प्रत्यक्ष वाढीव पगार २०१९ च्या आरंभापासून मिळू लागला, त्यामुळे त्या सुमारास वेतनाच्या ओळीत जी उडी दिसते ती नव्या भरतीची नाही. दुसरा खड्डा २०२०-२१ चा. करोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, शासनाने योजनांवरचा खर्च ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि नवी पदभरती थांबवली. त्या वर्षाला पाया धरून काढलेली कोणतीही वाढ फुगलेली दिसणार. दरडोई खर्च काढताना २०११ च्या जनगणनेची ११.२४ कोटी ही लोकसंख्या वापरली तरी असाच घोटाळा होतो.

राज्याच्या एकूण खर्चाशी प्रमाण काढणे त्यापेक्षा बरे. देशातील राज्ये सरासरी सुमारे ४ टक्के खर्च पोलिसांवर करतात. शिक्षणावरचा खर्च त्याच्या कितीतरी पट आहे. हे प्रमाण माहीत नसल्यामुळे पोलिसांचा पैसा शाळांना दिला की शाळा सुधारतील, असे सरळ गणित आपल्याकडे मांडले जाते. ते अमेरिकेतल्या शहरांच्या अंदाजपत्रकातून उचललेले आहे, जेथे पोलीस हा महापालिकेच्या सर्वसाधारण निधीतला सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असतो.

सहावी पायरी: मंजूर, हजर, रिक्त

आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या पाठीमागच्या भिंतीवर एक काळा फलक आहे. त्यावर मंजूर, हजर आणि रिक्त असे तीन रकाने आहेत. मंजूर पदांचा आकडा पांढऱ्या तेलरंगाने रंगवलेला आहे; हजर असलेल्यांचा आकडा खडूने लिहितात आणि पुसतात. हरवलेल्या कागदपत्रांची नोंद करायला मी तेथे दोन तास बसलो होतो. तेवढ्या वेळात तो एकटा हवालदार स्टेशन डायरी लिहीत होता, बिनतारी संदेश घेत होता, समन्स घेऊन निघालेल्या शिपायाला पत्ता समजावत होता, आणि समोर पदर तोंडाला लावून बसलेल्या बाईला ‘ताई, साहेब येऊ द्या’ असे तिसऱ्यांदा सांगत होता. साहेब बंदोबस्ताला गेले होते. त्या बाईच्या दृष्टीने पोलीस खर्चात कपात त्या दिवशी झालेलीच होती.

१ जानेवारी २०२० रोजी देशभरात २६.२३ लाख मंजूर पोलीस पदांपैकी ५.३१ लाख पदे रिक्त होती, म्हणजे पाचातले एक. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांनी २०१९ मध्ये केलेल्या अभ्यासात पोलीस कर्मचारी सरासरी १४ तास काम करतात आणि निम्म्यांना साप्ताहिक सुट्टी मिळत नाही, असे आढळले. हे तास अर्थसंकल्पाच्या कोणत्याही ओळीत नाहीत. हा खर्च होतो, पण तो शिपायाच्या झोपेतून, त्याच्या घरातून आणि शेवटी त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या फिर्यादीच्या वाट्याच्या सौजन्यातून वसूल होतो.

त्याचे गणित स्वतः करून पाहावे. चोवीस तास माणूस हवा अशी एक जागा धरा, उदाहरणार्थ ठाणे अंमलदाराची. वर्षाचे ८,७६० तास होतात. एका कर्मचाऱ्याला ५२ साप्ताहिक सुट्ट्या आणि समजा ४५ दिवस रजा दिल्या, तर तो २६८ दिवस, ८ तासांप्रमाणे २,१४४ तास काम करतो. म्हणजे एका जागेसाठी चार माणसे लागतात. बारा तासांची पाळी ठेवून सुट्ट्या बुडवल्या की तेच काम दोघांत भागते. मे २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर मुंबईचे पोलीस आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो शहरभर नेला गेला. अशा प्रयोगाचे मोल कळायचे तर वरचा भागाकार डोळ्यांसमोर हवा, कारण पाळी आठ तासांची ठेवायची असेल तर माणसे तरी वाढवावी लागतात किंवा कामे तरी कमी करावी लागतात.

माणसांची कमतरता मात्र नाही. २०२४ मध्ये राज्यात १७ हजारांहून अधिक पोलीस पदांसाठी साडेसतरा लाखांच्या आसपास अर्ज आले. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्यावर १,६०० मीटर धावण्याचा सराव करणारी मुले आणि ८०० मीटरसाठी घड्याळ लावणाऱ्या मुली दिसतात. खर्च कमी करण्याचा युक्तिवाद महाराष्ट्रात मांडणाऱ्याने या मुलांना तोंड देता येईल असाच तो मांडला पाहिजे.

सातवी पायरी: कामांची वर्गवारी करा

ही पायरी सर्वांत कष्टाची आहे आणि तिचेच फळ सर्वांत मोठे आहे. पोलीस जी कामे करतात ती एका कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहावा: हे काम वर्दीतल्या, अटकेचा अधिकार असलेल्या माणसानेच केले पाहिजे का? गुन्ह्याचा तपास, दंगल आवरणे, रात्रगस्त यांचे उत्तर उघड आहे. पुढची यादी मात्र विचार करायला लावते: समन्स व वॉरंट बजावणे, कैदी पार्टी, पारपत्रासाठी पडताळणी, परीक्षा केंद्रावरचा पहारा, मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, वरिष्ठांच्या बंगल्यावरची ऑर्डर्ली, म्हणजे खासगी चाकरी.

कैदी पार्टीचे उदाहरण घेऊ. तुरुंगातल्या कच्च्या कैद्याला तारखेला न्यायालयात नेऊन परत आणायला पोलिसांची गाडी आणि चार-पाच माणसे दिवसभर अडकतात, आणि पुष्कळदा हाती पुढची तारीखच लागते. किरकोळ तारखांसाठी तुरुंगातून दूरचित्र संवादाने हजेरी झाली, तर तो दिवस वाचतो. पण त्यासाठीचा पैसा तुरुंगांच्या आणि न्यायालयांच्या शीर्षात टाकावा लागतो, आणि बचत होते ती पोलिसांच्या शीर्षात. नुसते २०५५ पाहणाऱ्याला ही बचत कधी दिसत नाही, म्हणून कपातीची मागणी करताना दोन शीर्षे जोडीने लिहावीत: पैसा कोठून काढायचा आणि कोठे टाकायचा.

दुसरे उदाहरण रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांचे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत पोहोचवण्याची जबाबदारी ठाण्यावर आहे. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आणि खाट नसेल, तर मराठवाड्यातल्या ठाण्याचे दोन शिपाई आणि एक गाडी त्या आजारी माणसाला घेऊन शेकडो किलोमीटर जाणार. आजारी माणसाला पोलिसांच्या गाडीतून न्यावे लागते, ही त्याच्यावरही आणि शिपायावरही ओढवलेली वेळ आहे. येथे पोलीस खर्च खरोखर कमी करता येतो, पण त्याआधी आरोग्य विभागाची खाट वाढवावी लागते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी पोलीस कमी केले, तर तो माणूस रस्त्यावरच राहतो.

जे कमी करू नये तेही याच कागदावर लिहावे. न्यायसहायक प्रयोगशाळांचे ११६ हे शीर्ष त्यांपैकी पहिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ७ वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. दुसरे, पोलिसांवर लक्ष ठेवणारा खर्च. प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचा निर्देश दिला आणि दुसऱ्या एका प्रकरणातील २ डिसेंबर २०२० च्या निकालात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्यास सांगितले. चौकातल्या कॅमेऱ्यावरचा खर्च आणि कोठडीतल्या कॅमेऱ्यावरचा खर्च एकाच मापाने मोजू नये; पहिला नागरिकावर नजर ठेवतो, दुसरा कोठडीतल्या नागरिकाला वाचवतो. सर्व प्रकारच्या पोलीस खर्चाला विरोध करणारे मित्र हा भेद करत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आठवी पायरी: इतरत्र काय घडले ते नीट वाचा

कपातीचा वाद जगभर पोहोचला तो अमेरिकेतील मिनियापोलिस शहरातून. २५ मे २०२० रोजी तेथे पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला आणि ७ जूनला नऊ नगरसेवकांनी जाहीर सभेत पोलीस खाते मोडून नवी व्यवस्था उभारण्याचे वचन दिले. प्रत्यक्षात त्या डिसेंबरमध्ये सुमारे १७.९ कोटी डॉलरच्या पोलीस खर्चातून सुमारे ८० लाख डॉलर हिंसाप्रतिबंध आणि मानसिक आरोग्याच्या कामांकडे वळवले गेले. शहराच्या सनदेतच लोकसंख्येच्या प्रमाणात किमान पोलीस ठेवण्याचे बंधन होते, ते बदलण्यासाठी नोव्हेंबर २०२१ मध्ये मतदान झाले आणि सुमारे ५६ टक्के मतदारांनी बदल नाकारला. मात्र डिसेंबर २०२१ मध्ये मानसिक संकटाच्या दूरध्वनींना पोलिसांऐवजी प्रशिक्षित समुपदेशकांची पथके जाऊ लागली. घोषणा मागे पडली तरी काम उरले, ते हे.

टेक्सासमधील ऑस्टिनचा धडा हिशेबाचा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तेथे पोलीस खर्चात सुमारे १५ कोटी डॉलरची, म्हणजे एक तृतीयांश कपात जाहीर झाली, पण तिचा बराच भाग न्यायसहायक प्रयोगशाळा आणि आपत्कालीन दूरध्वनी अशी कामे दुसऱ्या खात्यांकडे दाखवण्याचा होता. पुढच्याच वर्षी राज्य विधिमंडळाने मोठ्या शहरांच्या पोलीस कपातीवर दंडात्मक कायदा केला आणि खर्च पुन्हा वर गेला. याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० नंतर काटकसरीच्या धोरणामुळे खरोखरची कपात झाली आणि सुमारे २० हजार अधिकारी कमी झाले. २०१९ मध्ये तितकेच पुन्हा भरण्याचे वचन सरकारला द्यावे लागले. संख्या २०२३ मध्ये भरून निघाली, पण गेलेल्यांबरोबर गेलेला तपासाचा अनुभव नव्या भरतीने भरत नाही. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराने जून २०२० पासून निवडक दूरध्वनींवर पोलिसांऐवजी आरोग्यसेवक पाठवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या भागांत किरकोळ गुन्ह्यांच्या नोंदी ३४ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. माझ्या मते या चारांपैकी आपल्या उपयोगाचे डेन्व्हरचे उदाहरण आहे, कारण तेथे आधी पर्याय उभा केला गेला.

नववी पायरी: माहिती मागा आणि मागणी लिहा

अर्थसंकल्पातून ‘जिल्हा पोलीस’ या शीर्षाचा आकडा मिळतो, एकेका ठाण्याचा मिळत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, शुल्क १० रुपये असते आणि ३० दिवसांत उत्तर अपेक्षित असते. जन माहिती अधिकाऱ्याकडे कर्मचाऱ्यांची नावे मागू नयेत, संख्या मागावी: अमुक ठाण्यात अमुक महिन्यात मंजूर, हजर व रिक्त पदे किती, बंदोबस्त, कैदी पार्टी, समन्स बजावणी व तपास यांवर प्रत्येक दिवशी किती कर्मचारी नेमले, साप्ताहिक सुट्टी किती जणांना मिळाली. प्रश्न असे मोजके असले की ते गोपनीयतेचे कारण देऊन फेटाळणे कठीण जाते. उत्तर आले नाही तर प्रथम अपील करावे. ठाण्याचा हा एक महिन्याचा कागद आणि अर्थसंकल्पाचे जिल्हा पोलिसांचे पान शेजारी ठेवले की आपल्या गावापुरते चित्र तयार होते.

मागणी मार्चमध्ये लिहायला बसलात तर उशीर झालेला असतो. विभागांचे अंदाज शरद ऋतूतच खालून वर जाऊ लागतात, म्हणून पोलीस अधीक्षक आणि गृह विभागाला पत्र सप्टेंबरपर्यंत, जिल्हा नियोजन समितीला डिसेंबरपर्यंत आणि आमदारांना अर्थसंकल्पी अधिवेशनाआधी पोहोचावे. आमदारांना द्यायच्या टिपणात प्रधान शीर्ष, गौण शीर्ष आणि बाब या तिन्हींचे क्रमांक असावेत, म्हणजे त्यांना कपात सूचना जशीच्या तशी लिहिता येते. मागण्यांवरील चर्चेची वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात, त्यामुळे टिपण एका पानाहून मोठे करू नये.

अशा टिपणाचा मसुदा साधारण पुढीलप्रमाणे असावा: ‘मागणी क्रमांक बी-१, प्रधान शीर्ष २०५५, गौण शीर्ष १०९. या जिल्ह्यात कैद्यांच्या ने-आणीवर दररोज सरासरी इतके कर्मचारी खर्ची पडतात व इतक्या ठाण्यांत साप्ताहिक सुट्टी दिली जात नाही. कारागृहात दूरचित्र संवादाची सोय करण्यासाठी शीर्ष २०५६ खाली तरतूद करावी व त्यातून मोकळे होणारे कर्मचारी तपासासाठी द्यावेत, या गाऱ्हाण्याकडे शासनाचे लक्ष वेधण्यासाठी मागणीतून १०० रुपये कमी करावेत.’ रिकाम्या जागी माहिती अधिकारातून मिळालेले आकडेच भरावेत, अंदाज भरू नयेत.

टिपणाची एक प्रत, पोच आणि तारीख वहीत लावून ठेवावी. मागणी मान्य झाली तर तरतूद पुढच्या पुस्तकाच्या चौथ्या रकान्यात दिसेल. ती खर्च झाली की नाही हे पहिल्या रकान्यात, म्हणजे आणखी दोन वर्षांनी, त्याच शीर्षासमोर पाहायला मिळेल.